मासे, कागद आणि आपले घर

(शुगर लँड येथे कौटुंबिक मलिद्यानंतर झालेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर)



मलिद्याचे गोड पोहे पोटात गेल्यावर व्याख्यान ऐकणे हे खरे तर धैर्याचे काम आहे. ते आपण पत्करलेत याबद्दल प्रथम आभार मानते. संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, ‘दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कथासाहित्यातील ओळखीचा आणि आपलेपणाचा शोध’. मी मुंबईच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले. त्या काळात हा विषय मिळाला असता, तर मी निरनिराळ्या वादांची नावे फळ्यावर लिहून तास संपवला असता. आज तसे करता येणार नाही, कारण मधल्या काळात हा विषय माझ्या घरात आला आहे.

गेल्या वर्षी नव्याच्या सणाला आम्ही एका दुसऱ्या गावच्या सिनेगॉगमध्ये पाहुणे म्हणून गेलो होतो. प्रार्थना संपल्यावर एका सद्गृहस्थांनी माझ्या पंधरा वर्षांच्या नातीला अत्यंत सौजन्याने विचारले, “तुमच्या घरच्यांनी हा धर्म केव्हा स्वीकारला?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. नात गप्प राहिली. परतीच्या वाटेवर मोटारीत तिने मला विचारले, “आजी, अशा वेळी काय सांगायचे?” मी म्हणाले, “आम्ही भारतातले, एवढे सांगावे आणि विषय बदलावा.”

ही माझी जन्मभराची युक्ती होती. मुंबईत माझे नाव ऐकून कोणी मला ख्रिस्ती समजे, कोणी पारशी समजे. मी ते दुरुस्त करीत नसे. लोकल गाडीत उभ्या उभ्या दोन हजार वर्षांचा इतिहास कोणाला सांगायचा? येथे आल्यावर शेजाऱ्यांना मी भारतीय म्हणून ठाऊक झाले आणि सिनेगॉगमध्ये यहुदी म्हणून. दोन्ही गोष्टी एका वाक्यात मी क्वचितच उच्चारल्या. नातीने माझा सल्ला ऐकून घेतला आणि पुढचे चार महिने ती प्रार्थनेला आली नाही. विषय बदलायचाच असेल तर तो पुरता बदलावा, असा तिने माझ्या बोलण्याचा अर्थ लावला, आणि तो चूक होता असे मला म्हणता येत नाही. आजचे व्याख्यान ही माझ्या त्या उत्तराची दुरुस्ती आहे. ती आज येथे बसली आहे, आणि हे सांगण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे.

सुरुवात आपल्या एका जुन्या कथेपासून करते. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ कोण, हे पाहण्यासाठी दाविद राहाबी आला. त्याने आपल्या बायकांपुढे मासे ठेवले. त्यांत पर आणि खवले असलेले होते, तसे नसलेलेही होते. बायकांनी पर-खवल्यांचे मासे निवडले, बाकीचे बाजूला सारले, आणि राहाबीची खात्री पटली. ही परंपरेने आलेली गोष्ट आहे आणि आपण ती मुलांना धर्माची गोष्ट म्हणून सांगतो. मी आज तिच्यातल्या एका साध्या तपशिलाकडे लक्ष वेधते. राहाबीने कागद मागितला नाही. त्याने स्वयंपाकघरात पाहिले आणि रोज हाताने काय केले जाते यावरून माणसे ओळखली.

विसाव्या शतकात ओळखण्याची ही रीत मागे पडली. पारपत्र, व्हिसा, नोंदणीपत्र आणि शिक्का यांवरून माणूस ठरू लागला. महायुद्धाच्या आगेमागे लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत ‘मी कोण?’ हा प्रश्न इतक्या वेळा का येतो, याची अनेक कारणे सांगितली जातात. मला त्यांतले एक मोठे वाटते. लाखो माणसांना हा प्रश्न स्वतःच्या मनाने विचारण्याआधी मेजापलीकडच्या कोणीतरी विचारला होता, आणि चुकीच्या उत्तराची किंमत प्राणांची होती.

मराठीत या प्रश्नाची चाहूल युद्ध पेटण्याच्या सुमारासच लागली होती. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ची. युरोपातून परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून हाकलली गेलेली यहुदी मुलगी हॅर्टा यांची बोटीवर भेट होते. दोघे प्रेमात पडतात. बोट मुंबईला लागते. चक्रधर उतरतो, कारण ते त्याचे घर आहे. हॅर्टाला उतरून राहण्याची मुभा नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे निघते आणि ती समुद्रात जीव देते. ही कादंबरी मी विद्यार्थिदशेत वाचली तेव्हा प्रेमकथा म्हणून वाचली. पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की ज्या बंदरात हॅर्टाला पाय ठेवता आला नाही, त्या बंदरापासून आपली मांडवीची शआर हारहामीम मशीद चालत जाण्याइतकी जवळ आहे. १७९६पासून तेथे आपली प्रार्थना चालू होती. त्याच शहरात माझे आजोबा रोज सकाळी कामावर जात. आम्हांला तेथे कोणी कागद विचारला नव्हता. आपण एका दुर्मीळ सुदैवात वाढलो, हे मला एका मराठी कादंबरीने शिकवले, आणि ते सुदैव आपल्या कर्तृत्वाचे नव्हते हेही शिकवले.

हॅर्टा उतरली असती तर तिचे काय झाले असते? अनिता देसाई यांची ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ ही १९८८ची इंग्रजी कादंबरी जणू ह्याच प्रश्नाचे उत्तर देते. बर्लिनचा ह्यूगो बॉमगार्टनर नाझींपासून जीव वाचवून भारतात येतो. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकार त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबते. जर्मनीने त्याला जर्मन मानायचे नाकारले आणि इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणूनच कैद केले. त्याच्याबद्दलचा कागद दोन्ही वेळा खोटा ठरला आणि दोन्ही वेळा शिक्षा त्यालाच झाली. उरलेले आयुष्य तो मुंबईत एकटा, मांजरे पाळत काढतो. देसाई त्याच्यासाठी कोणतेही सांत्वन शोधत नाहीत. मुंबईत पन्नास प्रकारचे लोक सामावतात असे आपण अभिमानाने म्हणतो. एखाद्याला राहायला जागा देणे आणि त्याला आपले म्हणणे यांत किती अंतर असते, ते ही कादंबरी दाखवते.

आता अमेरिकेकडे येते, कारण मुले येथली आहेत. फिलिप रॉथ यांचा ‘गुडबाय, कोलंबस’ हा कथासंग्रह १९५९चा. त्यातल्या ‘एली, द फनॅटिक’ ह्या कथेतले वुडेंटन हे उपनगर आपल्या शुगर लँडसारखेच नीटनेटके, हिरवळीचे आणि चांगल्या शाळांचे आहे. तेथे काही यहुदी कुटुंबे नुकतीच स्थिरावली आहेत. ख्रिस्ती शेजारी आपल्याला आता बरे म्हणतात, याचा त्यांना आनंद आहे. तेवढ्यात युरोपातून वाचलेली अठरा मुले आणि एक-दोन शिक्षक गावात येऊन यशिवा उघडतात. त्यांच्यातला एक माणूस काळा डगला आणि काळी टोपी घालून बाजारहाट करतो, आणि गावातल्या यहुद्यांची झोप उडते. ते आपल्यातल्या एली नावाच्या वकिलाला पुढे करतात आणि नगररचनेच्या नियमाचा आधार घेऊन शाळा बंद करायला सांगतात. एली तडजोड म्हणून त्या माणसाला आपला सूट पाठवतो. तो माणूस सूट घालतो आणि आपले काळे कपडे एलीच्या दारात ठेवून जातो. मग एली ते अंगावर चढवतो आणि भरदिवसा गावातून चालत आपल्या नवजात मुलाला पाहायला रुग्णालयात जातो. गाव म्हणते, ह्याला वेड लागले.

ही कथा मी अनेक वर्षे वर्गात शिकवली आणि दर वेळी एलीच्या बाजूने बोलले. नातीच्या त्या चार महिन्यांत ती पुन्हा उघडली, तेव्हा मला कळले की मी एली नाही. मी त्याला पुढे करणाऱ्या शेजाऱ्यांपैकी आहे. ते दुष्ट नाहीत. ते घाबरलेले आहेत. आज ज्यांनी आम्हांला घरात घेतले ते उद्या बाहेर काढतील, ही भीती त्यांना सभ्य आवाजात बोलायला लावते. “विषय बदलावा,” हे मी त्याच आवाजात म्हणाले होते.

आता आपल्या स्वतःच्या घरातली गोष्ट. माझी धाकटी आत्या इस्राएलला गेली होती. १९६३ साली तिचे ठाण्याला पत्र आले. लग्न ठरले होते, पण थांबले होते. आईचे, आईच्या आईचे आणि तिच्याही आईचे नाव, आणि त्या आपल्याच होत्या याचा पुरावा, असे तिने मागवले होते. आजोबांनी कपाट उघडले. त्यांच्याकडे पगाराच्या पावत्या होत्या, वर्गणीच्या पावत्या होत्या, मुलांचे दाखले होते. बायकांची नावे त्यांत कोठेच नव्हती. आजी जमिनीवर बसून वाल सोलत होती. ती मान वर न करता सांगू लागली. तिची आई नागावची. तिची आई पेणची, ती बाळंतपणात गेली. त्याआधीची रोह्याची, तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे, पण शब्बाथचा दिवा ती स्वतः लावी. माझे वडील लिहीत होते आणि मी शाईची दौत धरून उभी होते. मीही तेव्हा पंधरा वर्षांचीच होते. लिहून झाल्यावर आजोबांनी विचारले, “ह्यावर शिक्का कोणाचा घ्यायचा?” आजीने वालाची टरफले सुपात भरली आणि ती आत निघून गेली.

त्या वर्षांत बेने इस्राएल कुटुंबांना विवाहापूर्वी वंशावळीच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याविरुद्ध आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असा निर्वाळा दिला. आत्याचे लग्न पुढच्या वर्षी झाले. इतिहासाच्या दृष्टीने गोष्ट संपली. मात्र आजीचे ते आत निघून जाणे माझ्या मनात संपले नाही. जन्मभर जे तिने हाताने जपले, त्याला पुरावा लागतो हे तिला त्या दुपारी प्रथम कळले होते.

अशा दुपारी इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत. त्या कथेत येतात. आपल्या समाजातल्या मीरा महादेवन यांचे माहेरचे नाव मिरियम. दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी १९६९मध्ये ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था सुरू करणाऱ्या म्हणून त्या देशाला ठाऊक आहेत. त्याआधी, १९६१मध्ये, त्यांनी हिंदीत ‘अपना घर’ ही कादंबरी लिहिली. ती पुढे इंग्रजीत ‘शुलामिथ’ नावाने आली. जावे की राहावे, हा प्रश्न त्या काळी आपल्या प्रत्येक घरात होता. महादेवन यांनी तो सभेच्या व्यासपीठावरून उचलला आणि एका बेने इस्राएल कुटुंबाच्या चार भिंतींत, एका स्त्रीच्या बाजूने मांडला. शीर्षकातला ‘अपना’ हा शब्द पाहावा. घर कोणते हे त्या ठरवून टाकत नाहीत. कोणाचे म्हणणे धरून ते ठरते, हे त्या विचारतात.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांनी ‘बुक ऑफ रेचेल’ लिहिले. २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. रेचेल कोकणातल्या दांडा गावी एकटी राहते. मुले इस्राएलला गेली आहेत. गावातले सिनेगॉग ओस पडले आहे. तेथे मिन्यान जमत नाही, तरी ती ते झाडते आणि दिवा-बत्ती करते. जमीन विकून टाकण्याचा घाट घातला जातो तेव्हा ही विधवा बाई उभी राहते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एका पदार्थाची कृती दिलेली आहे. माझे काही सहकारी ह्या कृतींना सजावट म्हणत. मला तसे वाटत नाही. कृती लिहून एस्थर डेव्हिड आपल्याला पुन्हा राहाबीच्या माशांपाशी नेतात. रेचेलजवळ मालकीचा कागद नाही. रोज काय केले, कोणासाठी केले, एवढेच तिच्याजवळ आहे, आणि लेखिका ते वाचकापुढे ठेवते.

ह्या सर्व कथा एका रांगेत ठेवल्यावर मला जे दिसले ते आपल्यापुढे मांडते. ‘तू कोण?’ असा प्रश्न जेव्हा कागद विचारतो, तेव्हा त्याला एकच उत्तर हवे असते: जर्मन की यहुदी, भारतीय की इस्राएली, जन्माने की धर्मांतराने. ह्या लेखकांनी त्या एका रकान्यात मावणार नाही असे माणूस लिहून दाखवले. म्हणून मी आज नातीला असे सांगणार नाही की तुझी ओळख ह्या अमुक दोन शब्दांत आहे. मी तिला आजीची ती दुपार सांगते. पुढच्या वेळी कोणी विचारले तर तिने हवे तर बोलावे, नको तर गप्प राहावे. आपण कोण हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. ते ठाऊक असण्याची आहे, आणि ती जबाबदारी पार पाडायला तिला माझी मदत हवी होती. ती मी वेळेवर केली नाही.

आणखी एक गोष्ट, ह्या गावाची. ह्या शहराचे नाव साखरेवरून पडले आहे. २०१८मध्ये येथे शाळेची इमारत बांधण्यासाठी खोदकाम चालू असताना जमिनीतून पंचाण्णव माणसांच्या कबरी निघाल्या. ते कृष्णवर्णीय कैदी होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही त्यांना तुरुंगातून भाड्याने दिले जाई आणि उसाच्या मळ्यांत राबवले जाई. कबरींवर नावे नव्हती. ही बातमी वाचली तेव्हा मला नवगाव आठवले. आपले पूर्वज ज्या किनाऱ्याला लागले असे आपण मानतो, तेथे फुटलेल्या गलबतातल्या बुडालेल्यांना मूठमाती दिली, ते दोन उंचवटे आहेत. त्यांवरही नावे नाहीत. दोन्हींचे दुःख एक आहे असे मी म्हणत नाही. समुद्राने घेतलेले माणूस आणि माणसांनी राबवून मारलेले माणूस यांत फरक आहे, आणि तो पुसू नये. परंतु निनावी मृतांना दोन हजार वर्षे आपले म्हणत आलेला समाज ह्या गावात राहायला आला असेल, तर त्याने येथल्या निनावी मृतांकडे पाठ फिरवू नये. शुगर लँड आपले आहे असे म्हणायचे असेल तर ते पंचाण्णव जणही त्यात आले.

आता शेवटचे. येथे जमलेल्यांपैकी ‘कर’ लावणारी आडनावे पुष्कळ आहेत. ती सगळी गावे पुरुषांच्या बाजूने आलेली आहेत. बायकांची गावे कोणत्याही आडनावात नाहीत. आपल्या प्रत्येक मेजावर मी एक कोरा कागद ठेवला आहे. कागदावर इतकी टीका करून पुन्हा कागदच वाटते आहे, याबद्दल क्षमा असावी. पण हा कोणाला दाखवण्यासाठी नाही आणि त्यावर शिक्का लागणार नाही. त्यावर आपल्या आईचे, आईच्या आईचे, आठवेल तितके मागे जाऊन नाव लिहावे. नावापुढे तिचे गाव, आणि तिच्याबद्दल एक गोष्ट. ती काय रांधत असे, कशाला हसत असे, कशाने गेली. आठवत नसेल तर आज रात्री भारतात किंवा इस्राएलमध्ये ज्या वडीलधाऱ्या व्यक्तीला आठवत असेल तिला फोन करावा. तेथे आता सकाळ होत असेल. मराठी लिहिता न येणाऱ्या मुलांनी इंग्रजीत लिहावे. गोष्ट आली म्हणजे भाषा मागून येते, असा माझा शिक्षकीचा अनुभव आहे.

माझा कागद मी येताना भरून आणला आहे. पाच नावे झाली. पाचव्या नावापाशी रोह्याच्या त्या आंधळ्या पणजीच्या पुढे मला काही लिहिता येईना, तेव्हा नातीने विचारले, “दिसत नव्हते तर दिवा सरळ लागला हे तिला कसे कळे?” मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघींनी बराच वेळ विचार केला. मग नात म्हणाली, “हाताला ऊब लागत असेल.” ते वाक्य आम्ही कागदावर लिहिले, आणि त्याखाली ‘हा आमचा अंदाज आहे’ असेही लिहिले.